छोट्या खासगी इंजिनीअरिंग कॉलेजचे आकडे कसे वाचायचे: जागा, मुलं-मुली आणि खरा खर्च

प्रवेशासाठी कॉलेजांच्या पसंतीचा ऑप्शन फॉर्म भरताना माहितीपुस्तकातले फोटो कामाचे नसतात. कामाची असते एक रुक्ष पीडीएफ. एनआयआरएफच्या (केंद्र सरकारच्या शिक्षणसंस्था मानांकनाच्या) क्रमवारीसाठी अर्ज करणाऱ्या कॉलेजला आपली माहिती स्वतःच्या संकेतस्थळावर ठेवावी लागते. मुखपृष्ठाच्या तळाशी किंवा 'आयक्यूएसी' (कॉलेजचा गुणवत्ता कक्ष) मेनूत 'एनआयआरएफ' शोधा आणि 'इंजिनीअरिंग' किंवा 'ओव्हरऑल'ची फाइल उघडा. कॉलेजला क्रमांक मिळाला नसला तरी फाइल असते. एक सावधगिरी घ्या: २०२५ च्या फाइलमधली विद्यार्थिसंख्या २०२३-२४ ची असते.

पहिल्या तक्त्यात मंजूर प्रवेशक्षमता वर्षवार दिलेली असते. 'यूजी (पदवी), ४ वर्षे' ही ओळ घेऊन चार वर्षांचे आकडे मिळवा. समजा २४०, २४०, ३००, ३०० म्हणजे १०८०. पुढच्या तक्त्यात प्रत्यक्ष विद्यार्थी ६९० दिसले, तर भरती ६४ टक्के. बरी वाटते. पण इथेच लोक फसतात, कारण या ६९० मध्ये डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला आलेली मुलंही आहेत. पहिल्या वर्षाच्या रिकाम्या राहिलेल्या जागांवरही त्यांना घेता येतं, त्यामुळे पहिलं वर्ष ओस आणि दुसरं भरलेलं असं चित्र छोट्या कॉलेजांत नेहमी दिसतं.

खरा आकडा प्लेसमेंटच्या तक्त्यात सापडतो. तिथे एका ओळीत क्रमाने येतं: पहिल्या वर्षाची क्षमता, पहिल्या वर्षी झालेले प्रवेश, मग लॅटरल एंट्री (थेट दुसऱ्या वर्षाला आलेले), आणि वेळेत पदवी घेतलेले किती. क्षमता २४०, प्रवेश ९६, लॅटरल ५८ असं दिसलं, तर बारावीनंतर ४० टक्केच जागा भरल्या होत्या. ही ओळ चार वर्षं जुन्या प्रवेशांची असते, म्हणून सीईटी सेलच्या (राज्याच्या प्रवेश परीक्षा कक्षाच्या) ताज्या कॅप (केंद्रीय प्रवेश प्रक्रिया) राउंडच्या कटऑफची पीडीएफही सोबत बघा. तिच्यात जी म्हणजे सर्वसाधारण जागा, एल म्हणजे मुलींसाठीची. 'जीओपन'च्या (खुल्या प्रवर्गातल्या सर्वसाधारण जागेच्या) खाली पर्सेंटाइल विसाच्या आत असेल, तर जो आला त्याला जागा मिळाली असं समजायला हरकत नाही. उलट साठच्या शाखेत ६९ मुलं दिसली म्हणून घोटाळा समजू नका. ईडब्ल्यूएसच्या (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक) १० टक्के आणि टीएफडब्ल्यूएसच्या (शिक्षणशुल्क माफी योजना) ५ टक्के जागा क्षमतेच्या वर असतात, म्हणजे साठावर ६ आणि ३.

वर्गात कोण आहे हे विद्यार्थिसंख्येच्या तक्त्यातच कळतं. मुलींचा आकडा एकूणने भागा. १९४ भागिले ६९० म्हणजे २८ टक्के. त्याच ओळीत राज्याबाहेरचे, देशाबाहेरचे, आर्थिकदृष्ट्या मागास आणि एससी-एसटी-ओबीसी मिळून किती, हे रकाने आहेत. 'देशभरातून विद्यार्थी येतात' असं माहितीपुस्तकात असेल आणि रकान्यात ६ असेल, तर रकाना खरा.

शेवटचे चार रकाने पूर्ण शिक्षणशुल्क परतावा कोणाकडून मिळतो ते सांगतात: सरकारकडून, संस्थेकडून, खासगी संस्थांकडून आणि पूर्ण परतावा न मिळणारे. चौथा आकडा मोठा असला तरी दचकू नका. निम्मी फी माफ झालेली मुलं त्यातच येतात. 'संस्थेकडून'खाली शून्य असेल, तर मात्र 'गरजू विद्यार्थ्यांना सवलत' हे वाक्य विसरा.

आता खर्च. शुल्क नियामक प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर कॉलेजची मंजूर फी मिळते. ती दोन भागांची असते: शिक्षणशुल्क आणि विकासशुल्क. दोन्ही वेगळे लिहून घ्या, कारण माफी शिक्षणशुल्कावर मिळते. समजा ९०,००० अधिक १०,००० अशी लाखाची फी आहे. खुल्या प्रवर्गातल्या, ८ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरच्या मुलाला राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्तीत शिक्षणशुल्काचे निम्मे मिळतात. त्याच्याकडे ४५,००० अधिक १०,००० असे ५५,००० उरतात, ५०,००० नव्हे. ८ जुलै २०२४ च्या शासननिर्णयाने ईडब्ल्यूएस, एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग) आणि ओबीसी मुलींना, उत्पन्न त्याच मर्यादेत असेल तर, शिक्षणशुल्क व परीक्षाशुल्क पूर्ण माफ आहे. विकासशुल्क भरावं लागेल का, हे मात्र अशा मुलीनेही कॉलेजला विचारून घ्यावं. ही माफी कॅपमधून झालेल्या प्रवेशालाच लागू आहे. 'मॅनेजमेंट कोट्यातून जागा लगेच पक्की करतो' म्हणणाऱ्याला हो म्हटलंत की ती गेली.

वसतिगृह, मेस, बस आणि अनामत मंजूर फीच्या बाहेर असतात. कार्यालयात दोन प्रश्न विचारा: मेस किती महिन्यांची, आणि बसचे पैसे एकरकमी की हप्त्याने? उत्तर लेटरहेडवर मागा. शहराबाहेरच्या कॉलेजात हाच खर्च माफ झालेल्या फीला गिळून बसतो.

कागदपत्रांत सगळ्यात जास्त अडकतं ते ओबीसी-एसईबीसी मुलांना लागणारं नॉन-क्रिमीलेअर प्रमाणपत्र. पुढच्या वर्षाच्या ३१ मार्चपर्यंत वैध असलेलं लागतं. त्याआधी मुदत संपणारं चालत नाही आणि जूनमध्ये सेतू केंद्रात रांग असते, म्हणून एप्रिलमध्येच अर्ज टाका. उत्पन्नाचा दाखला तहसीलदारांचाच हवा. प्रवेश झाल्यावर महाडीबीटीचा (राज्याच्या शिष्यवृत्ती संकेतस्थळावरचा) अर्ज विद्यार्थ्यालाच भरावा लागतो, आणि दुसऱ्या वर्षी नूतनीकरणही त्यालाच करावं लागतं. प्रवेश रद्द करायचा झालाच, तर अंतिम तारखेआधी केला की प्रक्रियाशुल्क म्हणून जास्तीत जास्त १,००० रुपये कापून बाकी रक्कम परत मिळते. अर्जाची पोच मात्र तारखेसकट घ्या.