जुन्या मॅसीचं ऑइल मीटर बदलताना: गोम मीटरात नाही, नळीच्या जोडात आहे

ऑइल मीटरचा, म्हणजे इंजिनातल्या तेलाचा दाब दाखवणाऱ्या मीटरचा, काटा शून्यावर पडला की पहिला सल्ला ठरलेला: "मीटर गेलंय, नवीन टाका." दुसरा त्याहून घातक: "ट्रॅक्टर चालतोय ना? मग कशाला बघायचं?" असे सल्ले देणाऱ्याला इंजिन बांधायचा खर्च भरावा लागत नाही.

मी बोलतोय ते जुन्या मॅसी फर्ग्युसन १०३५ बद्दल, सिम्पसनचं तीन सिलिंडरचं इंजिन असलेल्या. त्यातही ज्या ट्रॅक्टरच्या मीटरमागे तांब्याची बारीक नळी येते, त्यांच्याबद्दल. मागे तार येत असेल तर ते विजेवरचं मीटर. त्याचा सेंडर (दाब मोजून तारेने मीटरला कळवणारा भाग) वेगळा, दुखणं वेगळं.

आधी खात्री करा. डिपस्टिकवर तेल बघा. मग मेकॅनिककडून चाचणीचं मीटर आणून ते त्याच नळीच्या टोकाला लावा. त्यानेही प्रेशर दाखवलं नाही तर नळी काढून फुंकून बघा, आणि मीटर थेट इंजिनच्या ब्लॉकवर लावून बघा. नळी चोंदली असेल तर मीटर बिचारं निर्दोष असतं. ब्लॉकवरही काटा हलला नाही तर इंजिन बंद करा आणि पुढचं वाचू नका. दुखणं पंपात, रिलीफ व्हॉल्व्हमध्ये किंवा बेअरिंगमध्ये आहे.

या मीटरच्या पोटात एक चपटी, वाकवलेली पितळी नळी असते. तेलाचा दाब आला की ती सरळ व्हायला बघते आणि तिच्या टोकाला जोडलेला काटा फिरतो. युजेन बूर्दाँ नावाच्या फ्रेंच माणसाने १८४९ मध्ये याचं पेटंट घेतलं, आणि आजही त्यात मुळातून काही बदललेलं नाही. म्हणजे इंजिनातलं तेल खरोखर तुमच्या डॅशबोर्डपर्यंत दाबाने येतं. जोड सुटला तर ते तुमच्या मांडीवर येणार, आणि इंजिन रिकामं होत जाणार.

नवीन मीटर घेताना जुनं सोबत न्या. डॅशबोर्डच्या भोकाचं माप बघा, बहुतेक ५२ मिमीचं बसतं. १०० पीएसआयपर्यंतचं (पीएसआय म्हणजे दर चौरस इंचावर इतके पौंड दाब) पुरे. जुनं मीटर पीएसआयचं आणि नवीन किलोचं (दर चौरस सेंटिमीटरवर किलो) निघालं तर काटा ३ वर बघून घाबरू नका. १ किलो म्हणजे १४ पीएसआयहून थोडं जास्त.

बॅटरीची अर्थची तार काढा, मागचा नट आणि पट्टी सोडवा, जुनं मीटर बाहेर. दहा मिनिटांचं काम.

आता खरी गोष्ट: आटे.

जुन्या इंग्रजी घडणीच्या ट्रॅक्टरवर सहसा एक सुताचा (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) बीएसपी, म्हणजे ब्रिटिश पाईपचा आटा सापडतो. नावाला एक सूत, पण मोजाल तर बाहेरून ९.७ मिमी, म्हणजे तीन सुतांहून थोडा जास्तच. हे पाईपचं माप आहे, बोल्टचं नाही. गोंधळ इथूनच सुरू होतो. बीएसपीला इंचात २८ आटे. बाजारातल्या बऱ्याच मीटरांना एनपीटी, म्हणजे अमेरिकन पाईपचा आटा असतो, त्याला इंचात २७, आणि तो पुढे निमुळता. तिसरा १० मिमीचा, १ मिमी पिचचा, म्हणजे दोन आट्यांत १ मिमी अंतर. हातात घेतले तर तिन्ही सारखेच दिसतात. एकात दुसरा दीड-दोन फेरे जातो आणि अडतो, आणि तिथेच माणसाला पाना आठवतो.

मलाही आठवला होता. एनपीटीचं मीटर, बीएसपीचा नट, वर टेफ्लॉन टेपचे पाच वेढे. शेडमध्ये एक थेंब गळला नाही. दुसऱ्या दिवशी उसाची ट्रॉली ओढत चढावर गेलो आणि गुडघा एकदम गरम लागला. विजार गेली, ते सोडा. अर्ध्या तासात डिपस्टिक कोरडी झाली असती.

म्हणून माझा नियम एकच: आटा बोटांनी चार-पाच फेरे बसलाच पाहिजे. नाही बसला तर जोडणी चुकीची आहे, तुमची ताकद कमी पडत नाहीये. जुना नट घेऊन लेथवाल्याकडे जा, त्याच्या आटे मोजायच्या पट्टीवर दोन मिनिटांत कळतं, आणि तो पितळेचा जोडही वळून देतो. ब्लॉकच्या बाजूने तर जबरदस्ती अजिबात नको. पितळ खराब झालं तर नवीन मिळतं; ब्लॉकमधले आटे गेले की टॅप मारत, म्हणजे आटे नव्याने पाडत बसावं लागतं.

टेफ्लॉन टेप इथे लावूच नका. सरळ आट्याला तेल अडवायचं काम तांब्याचा वॉशर करतो, नळीच्या जोडाला ऑलिव्ह करतो. टेपचा तुकडा तुटून मीटरच्या सुईएवढ्या भोकात अडकला की काटा पुन्हा शून्यावर, आणि तुम्ही पुन्हा मीटर बदलणार.

ऑलिव्ह म्हणजे नटाच्या आतली पितळी कडी. ती एकदा नळीवर चावली की कायमची, जुनी पुन्हा वापरायची नाही. नळी लांब असेल तर टोक कडीमागून काटकोनात कापा, बुरा काढा आणि नवी कडी घाला. थरथरीने जुनं तांबं कडक झालेलं असतं, ते वाकवलं की तडकतं. नळी पूर्ण काढून, डिझेलपासून लांब, फिकट लाल होईपर्यंत तापवा आणि पाण्यात बुडवा. पोलाद असं कडक होतं, तांबं मऊ होतं. मग आतून फुंकून घ्या. इंजिन आणि डॅशबोर्ड यांच्यामध्ये नळीला एक गोल वेढा ठेवा, थरथर तो पोटात घेतो. दुकानदार प्लास्टिकची नळी गळ्यात मारेल. सायलेन्सरजवळून ती नेणारा माणूस मला भेटला की मी वाद घालत नाही, निघून जातो.

नट आवळताना पाने दोन. एकाने मीटरचा बुडखा धरा, दुसऱ्याने नट फिरवा. एकाच पान्याने आवळलं तर मीटरच्या आतली नळी पिळते आणि कोरं मीटर लावण्याआधीच चुकीचं दाखवायला लागतं. बोटांनी घट्ट, मग पान्याने साधारण एक फेरा, बस्स.

पण मीटरकडचा नट आवळण्याआधी एक काम: डॅशबोर्डमागच्या तारा बाजूला करून बॅटरी जोडा, इंजिन चालू होऊ नये म्हणून स्टॉप ओढून धरा, सेल्फ मारा आणि नळीच्या टोकातून तेल येऊ द्या. कचरा असेल तर फडक्यात पडेल, मीटरात जाणार नाही.

इंजिन चालू करा, जोडाखाली वर्तमानपत्राचा कागद धरा. इंजिन थंड असताना काटा वर जाईल. गरम इंजिनला फुल्ल रेसवर ३० ते ६० पीएसआय, म्हणजे २ ते ४ किलोच्या आसपास हवं. स्लोवर तो खाली येणारच. अर्धा तास काम करून पुन्हा कागद लावा. कापलेला नळीचा तुकडा नट आणि कडीसकट टूलबॉक्समध्ये टाकून ठेवा; पुढच्या वेळी दुकानात तोच दाखवायचा.