योनीमार्गाच्या इन्फेक्शनचं औषध नीट कसं वापरायचं

खाज सुटली, अंगावरून पांढरं जायला लागलं की बऱ्याच जणी मागच्या वेळचीच क्रीम परत आणतात, आणि खरी गडबड इथेच होते कारण हे इन्फेक्शन दर वेळी एकच नसतं. दह्यासारखा घट्ट स्राव आणि खूप खाज असेल तर बहुतेक बुरशी म्हणजे कँडिडा, पातळ राखाडी आणि माशासारखा वास असेल तर बॅक्टेरिया, पिवळट-हिरवा फेसाळ असेल तर ट्रायकोमोनास नावाचा परजीवी असू शकतो जो संबंधातून पसरतो. क्लोट्रिमाझोल बुरशीवर चालतं, मेट्रोनिडाझोल बाकीच्या दोन्हींवर, अदलाबदल करून उपयोग नाही.

म्हणून आधी तपासून घ्या, प्लीज लाजू नका, डॉक्टरांसाठी हे रोजचंच आहे. जायच्या आदल्या दिवसापासून आत क्रीम लावू नका. गरोदर असाल किंवा नुसती शंका असेल तरी आधीच सांगा, फ्लुकोनाझोलची (बुरशीवरची तोंडाने घ्यायची) गोळी गरोदरपणात टाळतात.

आत ठेवायची गोळी रात्री झोपतानाच ठेवा. हात साबणाने धुवा, पाठीवर पडून गुडघे वर घ्या आणि बोटाने किंवा ॲप्लिकेटरने अलगद जाईल तितकी आत सरकवा, जोर लावायचा नाही. ही गोळी गिळायची नसते हो, पाकीट नीट वाचा! सकाळी थोडं पांढरं बाहेर येतं ते औषधच असतं, घाबरून दुसरी ठेवू नका, पॅड लावा. टॅम्पॉन नको, तो औषध शोषून घेतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं, कोर्स पूर्ण करा. क्लोट्रिमाझोल 500 मिग्रॅची गोळी एकदाच असते पण 100 मिग्रॅची 6-7 रात्री लागते, मेट्रोनिडाझोलच्या तोंडाने घ्यायच्या गोळ्या बहुतेक वेळा 7 दिवस. दोन-तीन दिवसांत खाज थांबते आणि मग उरलेल्या गोळ्या कपाटात जातात, किंवा बहिणीला दिल्या जातात, दोन्ही नको. खाज थांबली म्हणजे जंतू संपले असं नसतं.

तोपर्यंत संबंध टाळा, काही क्रीममुळे कंडोम कमकुवत होतो. ट्रायकोमोनास निघाला तर जोडीदाराला काही त्रास नसला तरी त्यालाही औषध लागतंच, नाहीतर परत तुम्हालाच होणार.

आतून साबण, अँटिसेप्टिक काहीच नको. तिथला पीएच (म्हणजे आम्लता मोजायचं माप) साधारण 3.8 ते 4.5 असतो, तो चांगल्या बॅक्टेरियांमुळे टिकतो आणि धुण्याने तेच जातात.

वर्षात 3 किंवा जास्त वेळा झालं तर शुगर तपासा. ताप किंवा ओटीपोटात दुखत असेल तर क्रीम लावून वाट बघत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टरकडे जा.