जँगोमध्ये सीएसएसमधून चित्राचा पत्ता असा द्या

जँगो (पायथॉनमधलं वेब फ्रेमवर्क) चालू आहे आणि स्टॅटिक फाइल्सचं (सीएसएस, चित्रं अशा जशाच्या तशा पाठवायच्या फाइल्स) अ‍ॅप सेटिंग्जमध्ये आहे, एवढं धरून चालतो.

अ‍ॅपच्या स्टॅटिक फोल्डरात अ‍ॅपच्याच नावाचं आणखी एक फोल्डर करा, म्हणजे दोन अ‍ॅप्सच्या एकाच नावाच्या फाइल्स भिडणार नाहीत. त्यात 'सीएसएस' आणि 'इमेजेस' शेजारी-शेजारी ठेवा.

सीएसएसमध्ये टेम्प्लेटचा स्टॅटिक टॅग लिहू नका. टॅग वाचतं टेम्प्लेट इंजिन, आणि सीएसएस फाइल त्याच्याकडे जातच नाही. ब्राउझरला तो टॅग जसाच्या तसा मिळतो. सीएसएसच व्ह्यूमधून रेंडर करा, असंही कुणी सुचवतं. एका चित्रासाठी हे अजिबात करू नका.

पत्ता असा लिहा: यूआरएल("../इमेजेस/नक्षी.पीएनजी"). ब्राउझर हा पत्ता सीएसएस फाइल जिथे आहे तिथून मोजतो, उघडलेल्या पानापासून नाही. त्यामुळे पान कितीही खोलवरचं असो, पत्ता तोच राहतो. सुरुवातीलाच '/स्टॅटिक/' लिहिलंत तर आज चालेल. उद्या फाइल्स सीडीएनवर (फाइल्स पुरवणाऱ्या वेगळ्या सर्व्हरांवर) नेल्यात की तो पत्ता जुन्याच जागी बोट दाखवत राहील.

खरी परीक्षा डिप्लॉय करताना, म्हणजे साइट सर्व्हरवर चढवताना. मॅनिफेस्ट स्टोरेज (जँगो १.७ पासून आहे) लावलं असेल, तर कलेक्टस्टॅटिक (स्टॅटिक फाइल्स एका जागी गोळा करणारी कमांड) प्रत्येक फाइलच्या नावात हॅश (मजकुरावरून काढलेला छोटा कोड) घालतं आणि सीएसएसमधले पत्तेही बदलतं. पत्त्यावर फाइल सापडली नाही की व्हॅल्यूएरर देऊन थांबतं. अशा वेळी 'स्टोरेजच काढून टाका' हा सल्ला हमखास मिळतो. ऐकू नका! तो एरर तुटलेला पत्ता वापरणाऱ्यांच्या आधी तुम्हाला दाखवतोय. न सापडलेल्या फाइलचं नाव त्यातच असतं, ते नीट वाचा. बहुतेकदा बाहेरून आणलेल्या सीएसएसमधला फॉन्ट किंवा सोर्समॅप (मूळ कोडशी जोड दाखवणारी फाइल) गायब असतो, नाहीतर नावातलं एखादं अक्षर कॅपिटल असतं. विंडोजला कॅपिटल-स्मॉल एकच, लिनक्सला नाही. म्हणून डिप्लॉयआधी कलेक्टस्टॅटिक लिनक्सवर, हेच स्टोरेज लावून चालवा. ड्राय-रनवर (फाइल्स न लिहिता केलेल्या चाचणीवर) विसंबू नका. त्यात पत्ते तपासण्याचा टप्पाच वगळला जातो.

डेटाबेसमधून येणारं चित्र मात्र सीएसएस फाइलमध्ये घालू नका. टेम्प्लेटमध्ये त्या घटकाच्या स्टाइल अ‍ॅट्रिब्यूटमध्येच त्याचा पत्ता द्या.