डोळा लाल झाला की या चुका टाळा

डोळा लाल दिसला की बहुतेक जण आधी आरशात बघतात आणि मग औषधांचा डबा उचकतात. त्यात कुणाच्या तरी जुन्या दुखण्यातली अर्धी बाटली असतेच. डोळ्यांच्या दवाखान्यात तपासणीचं काम करताना माझं सगळ्यात जास्त भांडण या अर्ध्या बाटलीशी होतं.

डोळ्याच्या बऱ्याच औषधांत अँटिबायोटिकच्या जोडीला स्टेरॉइड असतं. लेबलवर डेक्सामेथासोन, प्रेडनिसोलोन, बीटामेथासोन, फ्लुरोमेथोलोन, लोटेप्रेडनॉल असं काही दिसलं तर ते हेच. स्टेरॉइड सूज उतरवतं, लाली झटपट घालवतं, म्हणून ते सगळ्यांना आवडतं. पण लाली जंतूमुळे असेल तर प्रतिकार मंदावतो आणि जंतूला रान मोकळं मिळतं.

एक गृहस्थ आले होते. एकच डोळा लाल, पाणी येतंय, उजेड सहन होत नाही. आईच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर उरलेले थेंब त्यांनी घालायला सुरुवात केली होती. दोन दिवसांत लाली कमी झाली, म्हणून खूश होऊन चालूच ठेवले. आले ते धूसर दिसायला लागल्यावर. बुबुळावर हर्पीसच्या विषाणूची जखम होती. ती सुरुवातीला झाडाच्या बारीक फांद्यांसारखी दिसते. तपासणीचा रंग घालून निळ्या उजेडात पाहिलं की ओळखता येते. यांची नकाशासारखी पसरली होती. ‘पण लाली तर गेली होती ना?’ हे त्यांनी मला तीनदा विचारलं. विषाणूवरच्या औषधाने जखम भरली, पण व्रण नेमका बुबुळाच्या मधोमध राहिला आणि त्या डोळ्याची नजर पूर्ववत झाली नाही.

स्टेरॉइडचे थेंब स्वतःच्या मनाने महिनोन्‌महिने घालणाऱ्यांचा डोळ्यातला दाब वाढून काचबिंदू होऊ शकतो, आणि तो बहुधा दुखत नाही. माझी सवय सांगतो: बाटली उघडली की तिच्यावर पेनाने तारीख घालायची, आणि उपचार संपला की उरलेलं त्याच दिवशी कचऱ्यात. उपचार लांबला तरी उघडलेली बाटली महिन्याच्या पुढे नाही. ‘एवढं महागाचं औषध’ हे कारण मी ऐकून घेत नाही.

‘डोळे पांढरे करणारे’ थेंब रक्तवाहिन्या तात्पुरत्या आकसवतात. असर उतरला की लाली परत येते, कधी आधीपेक्षा जास्त. मग पुन्हा थेंब. मध, दूध, गुलाबपाणी: नको. चोळणं: तेही नको, खाज ॲलर्जीची असेल तर चोळून वाढतेच.

कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्यांनो, डोळा लाल झाला तर लेन्स काढा आणि तपासून घेईपर्यंत परत घालू नका. ‘आज फोटो काढायचेत’ म्हणून लाल डोळ्यावर लेन्स चढवणारे मला कळतच नाहीत. नळाच्या पाण्याने लेन्स धुऊ नका. त्यात अकँथअमीबा नावाचा जीव असू शकतो, आणि त्याचा संसर्ग बरा व्हायला कित्येक महिने लागतात. लेन्स घालून झोपणं बंद. डॉक्टरांकडे येताना लेन्स आणि डबी दोन्ही आणा, जंतू शोधायला कामी येतात.

डोळे येतात तेव्हा कारण बहुतेक वेळा विषाणू असतो. पहिले चार-पाच दिवस त्रास वाढतोच, पूर्ण ओसरायला एक-दोन आठवडे लागतात. तिसऱ्या दिवशी डॉक्टर बदलणाऱ्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावं. अँटिबायोटिक विषाणूवर चालत नाही. थंड घड्या, अश्रूंसारखे वंगण देणारे थेंब, वेगळा टॉवेल, वेगळी उशी, आणि साबणाने सतत हात धुणं. नुसतं बघून साथ पसरत नाही, हातांनी पसरते. काळा चष्मा फक्त उजेडापासून वाचवतो.

गंमत अशी की लोक घाबरतात भलत्यालाच. पांढऱ्या भागावर रक्ताचा लालभडक डाग, दुखत नाही, दिसायला व्यवस्थित: हा साधारण दोन आठवड्यांत आपोआप जातो. मार लागला असेल, रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल किंवा डाग वारंवार येत असेल तर मात्र दाखवा. उलट डोळा जरासाच लाल, पण आत ठणका, उजेड खुपतोय, धूसर दिसतंय, दिव्याभोवती रंगीत वलयं आणि सोबत उलटी, असे लोक रात्र काढून येतात. यातलं एकही लक्षण असेल तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. चुना, ॲसिड, फिनाइल डोळ्यात गेलं तर आधी नळाखाली किमान पंधरा-वीस मिनिटं डोळा धुवा, मग दवाखाना. उतारा शोधत बसू नका.

थेंब घालताना बाटलीचं टोक पापणीला लावू नका. एकच थेंब पुरतो. डोळ्यात तेवढीही जागा नसते, उरलेलं गालावर ओघळतं. दोन औषधं असतील तर मध्ये पाच मिनिटं जाऊ द्या, आणि मलम असेल तर ते सगळ्यात शेवटी.