इतिहासाचं गाणं: शाळेच्या प्रोजेक्टसाठी म्युझिक व्हिडिओ कसा करावा

अमेरिकेत शिकणाऱ्या मुलांच्या दप्तरातून कधी ना कधी असा कागद घरी येतो: ‘अमेरिकन म्हणजे कोण? तीन मिनिटांचा म्युझिक व्हिडिओ करा.’ आमच्या लेकीने आठवीत पहिल्याच संध्याकाळी यादी केली: झेंडा, गरुड, स्वातंत्र्यदेवीचा पुतळा, चंद्रावरचं पाऊल. ती रद्द करायला दोन दिवस गेले. तीन मिनिटांत देश मावत नाही, फार तर एक दुकान मावतं.

म्हणून सुरुवात एका फोटोपासून करा. आम्ही घेतलेला फोटो डोरोथिया लँग यांनी मार्च १९४२ मध्ये कॅलिफोर्नियातल्या ओकलंडला काढलेला आहे. किराणा दुकानावर भलीमोठी पाटी, ‘आय ॲम ॲन अमेरिकन’. तिच्यावर दुसरी पाटी, ‘सोल्ड’. मालक जपानी वंशाचा, कॅलिफोर्निया विद्यापीठाचा पदवीधर. जपानने पर्ल हार्बर या अमेरिकन नौदल तळावर केलेल्या हल्ल्याच्या दुसऱ्याच दिवशी, ८ डिसेंबर १९४१ ला, ती पाटी दुकानावर लागली होती. तरी दुकान गेलंच. लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या संकेतस्थळावर हा फोटो मोफत मिळतो. फोटो उतरवून घ्याल तेव्हा त्याखालचा मजकूरही उतरवून घ्या. अर्धी माहिती तिथेच असते.

मग मूळ कागद वाचायला बसा. राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी १९ फेब्रुवारी १९४२ ला आदेश क्रमांक ९०६६ काढला. त्यानंतर जपानी वंशाच्या सुमारे १ लाख २० हजार लोकांना पश्चिम किनाऱ्यावरून हलवून छावण्यांत ठेवलं गेलं. त्यातले जवळपास दोन तृतीयांश अमेरिकेचे नागरिक होते. रस्तोरस्ती लागलेल्या सरकारी पत्रकांवर मात्र ‘सिटिझन’ हा शब्द नाही. तिथे लिहिलंय, ‘एलियन अँड नॉन-एलियन’, म्हणजे परकीय आणि परकीय नसलेले. लेक म्हणाली, “आई, नॉन-एलियन म्हणजे सिटिझनच ना? मग सरळ तसं का नाही लिहिलं?” आमचं ध्रुवपद तिथे सापडलं. तुमच्याही मुलाला असा एखादा खटकणारा शब्द मिळेपर्यंत गाणं लिहायला घेऊ देऊ नका.

चाल निवडताना बहुतेक मुलं चालू हिट गाणं धरतात. वर्गापुरतं ते खपून जातं, पण व्हिडिओ यूट्यूबवर टाकला की तो अडकू शकतो. जुनी, हक्कमुक्त चाल बरी. ‘यँकी डूडल’ आम्हाला फार उपयोगी पडली. ब्रिटिश सैनिक अमेरिकेतल्या वसाहतवाल्यांची टिंगल करायला ती म्हणत आणि पुढे त्याच वसाहतवाल्यांनी ती अभिमानाने आपली केली. म्हणजे चालीतच विषय बसलेला. लक्षात ठेवा, चाल मोकळी असली तरी कुणी नव्याने केलेलं रेकॉर्डिंग मोकळं नसतं. ते स्वतःच वाजवा. आम्ही हार्मोनियमवर शुद्ध गंधाराच्या जागी कोमल गंधार घेतला, लय निम्मी केली, आणि तीच उडती चाल उदास झाली.

शब्द लिहिताना कागदाचे दोन रकाने करा. डावीकडे गाण्याची ओळ, उजवीकडे ती कुठून आली ते. उजवा रकाना रिकामा राहिला तर ओळ काढा, यमक कितीही झकास जुळलेलं असो. पोवाड्यात शाहीर गाव, नाव, तिथी घेतो, तशी घ्या. एका कडव्यात एकच वस्तू: दुकान, मग सामान, मग छावणी.

चित्रीकरणात खरी गफलत होते. जपानी माणसाचं सोंग नको, हेल काढून बोलणं तर नकोच. प्रत्येक कुटुंबाला एक क्रमांक मिळत असे आणि त्याच्या चिठ्ठ्या सामानाला, अंगावरच्या कपड्यांना बांधत. फक्त हाताने उचलता येईल तेवढंच न्यायची मुभा होती. आम्ही जुनी सूटकेस, सुतळी, चिठ्ठी आणि दोन हात एवढंच दाखवलं. चेहरे फक्त मूळ फोटोंतले.

आवाज आधी पक्का करा, चित्रं नंतर जोडा. कपड्यांनी भरलेल्या कपाटात फोन धरून गायलं की घुमत नाही. तीन मिनिटं म्हणजे १८० सेकंद. प्रत्येक चित्र सहा सेकंद ठेवलं तर तीसच चित्रं लागतात, पण मुलं शंभर जमवतात. निम्म्याहून जास्त गाळायची तयारी ठेवा.

हा विषय वर्गात आधीच कुणी घेतला असेल, तर भगतसिंग थिंद यांचा खटला बघा. पहिल्या महायुद्धात अमेरिकन सैन्यात राहिलेल्या या पंजाबी माणसाला १९२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ‘गोरा’ मानलं नाही आणि नागरिकत्व नाकारलं. भारतीयांना तो हक्क १९४६ च्या कायद्याने मिळाला, पण भारतातून नव्याने येऊन राहायला वर्षाला शंभरच जणांचा कोटा होता. आपल्या घरातल्या मुलांना हे बहुधा माहीत नसतं.

शेवटच्या चित्राचा क्रम आम्ही तीनदा बदलला. आधी फक्त ‘सोल्ड’ एवढाच तुकडा, मग हळूहळू पूर्ण दुकान, आणि मोठी पाटी दिसली की हार्मोनियम बंद. चार सेकंद काहीच ऐकू येत नाही. त्यानंतर श्रेयनामावली: छायाचित्रकार, वर्ष, संग्रह.