सूज एक, वाटा चार

पॅथोफिजिऑलॉजीत, म्हणजे आजारात शरीराचं काम कसं बिघडतं ते शिकताना, आजारागणिक लक्षणांची यादी पाठ करायला गेलात तर चौथ्या आजारापाशी सगळी सरमिसळ होते. त्यापेक्षा एक लक्षण धरा आणि 'हे का झालं?' असं मागे मागे विचारत जा.

सूजच घ्या. केशवाहिन्यांतून पाणी बाहेर ढकलतो तो रक्ताचा दाब, आणि आत धरून ठेवतं ते मुख्यतः अल्ब्युमिन हे रक्तातलं प्रथिन. एवढी ओढाताण कळली की सूज येण्याच्या वाटा चारच उरतात. उजवं हृदय थकलं, शिरांमध्ये रक्त तुंबलं, दाब वाढला: पाय सुजले. सिरोसिसमध्ये निबर झालेलं यकृत अल्ब्युमिन कमी बनवतं, नेफ्रोटिक सिंड्रोम या मूत्रपिंडाच्या आजारात ते लघवीतून जातं; दोन्हीकडे पाणी धरणाराच कमी पडतो. भाजल्यावर किंवा जंतुसंसर्गात केशवाहिन्यांची भिंतच गळकी होते. चौथी वाट लसीकेची, म्हणजे केशवाहिन्यांबाहेर उरलेलं पाणी परत नेणारा प्रवाह अडण्याची: स्तनाच्या कर्करोगात काखेतल्या लसीका गाठी काढल्यावर हात सुजतो तो यामुळे. डावं हृदय थकलं तर मात्र तुंबतं फुफ्फुसात, म्हणून रुग्णाला आडवं झालं की धाप लागते आणि आपण त्याला टेकून बसवतो.

हे कोऱ्या कागदावर बाणांनी काढा, पुस्तक मिटून. जिथे बाण अडेल तेवढंच उघडून वाचा. (रंगीत पेनांत वेळ घालवू नका, मी पुष्कळ घालवला आहे.) फिजिऑलॉजी कच्ची असेल तर आधी त्या अवयवाचं नेहमीचं काम वाचा. वॉर्डात सुजलेला पाय दिसला, की केस पेपरवरचं निदान बघण्याआधी वाट कोणती ते मनात ठरवा.