बोरन्हाणाचे फोटो हुकू नयेत म्हणून: या चुका टाळा

संक्रांत सरली की माझ्याकडं रीघ लागते. गड्ड्यातले (म्हणजे आमच्या सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेतल्या जत्रेतले), हळदीकुंकवातले, बोरन्हाणाचे फोटो घेऊन भाचरं येतात, शेजारच्या सुना येतात, आणि सगळ्यांचं म्हणणं एकच: "आत्या, कॅमेरा बिघडलाय काय की. बघ की जरा." आजवर एकाचाही कॅमेरा बिघडलेला निघाला नाही. चुका त्याच त्या असतात, म्हणून एकदाच लिहून ठेवते. पुढच्या वेळी कुणी आलं की हे वाचायला देईन आणि आपण निवांत चहा पिईन.

मी धंद्यानं फोटोग्राफर नाही. सुताच्या पेढीत हिशेब लिहिते आणि उरलेल्या वेळात घरच्यांच्या मागं कॅमेरा घेऊन फिरते. घर, गच्ची, गल्ली आणि वर्षातून एकदा गड्डा, एवढाच माझा इलाखा.

रात्रीची सेटिंग सकाळी तशीच

ही चूक माझी स्वतःची आहे, म्हणून आधी तीच सांगते.

सिद्धेश्वरांच्या यात्रेत १५ जानेवारीच्या सुमारास एका रात्री होम मैदानावर शोभेचं दारूकाम असतं. त्या वर्षी पहिल्यांदाच ट्रायपॉड घेऊन गेले होते. सगळं नीट वाचून, कागदावर लिहून नेलं होतं: मॅन्युअल मोड (सगळं हातानं ठरवायचं), आयएसओ १०० (उजेड टिपायची ताकद), एफ/११ (लेन्सचं तोंड किती उघडं ते; आकडा मोठा तर तोंड लहान), शटर ४ सेकंद (उजेड आत घ्यायचा वेळ), आणि फोकस हातानं अनंतावर, म्हणजे अगदी लांबच्यावर. फोटो असे आले की रात्री झोप येईना. कॅमेरा तसाच पिशवीत टाकला.

दुसऱ्या दिवशी दुपारी भावाच्या धाकट्याचं बोरन्हाण. चौरंगापुढं सोलापुरी चादर अंथरलेली, त्यावर काळं झबलं आणि हलव्याचे दागिने घातलेलं दीड वर्षाचं पोर, भोवती गल्लीतली डझनभर पोरं बोरं लुटायला टपून बसलेली. वहिनीनं बोरं, चुरमुरे, उसाचे करवे, हरभरे, तिळाच्या रेवड्या भरलेलं माप उचललं आणि त्याच्या डोक्यावर ओतलं. मी बटण दाबलं. खट झालं. मग शांतता. चार सेकंदांनी पुन्हा खट. स्क्रीनवर पांढरा धूर.

घाबरून मी मोडची चकती फिरवून ऑटोवर आणली. फोटो दिसायला लागले. वहिनीला म्हटलं, "अजून एकदा ओत." तिनं ओतलं, पण पोरानं आता भोकाड पसरलं होतं. तरी मी साठेक फोटो काढले आणि छातीवरचा दगड उतरला असं समजून जिलेबी खाल्ली.

रात्री कॉम्प्युटरवर बघते तर काय! मोड ऑटो झाला होता, पण लेन्सवरचं फोकसचं बारकं बटण मॅन्युअलवरच होतं. चकती फिरवल्यानं ते बदलत नाही. साठच्या साठ फोटोंत पोर मऊ, वहिनी मऊ, बोरं मऊ. मागच्या खिडकीतून दिसणारी समोरच्या गच्चीवरची पाण्याची काळी टाकी मात्र अशी लख्ख, की तिच्यावरची अक्षरं वाचता येत होती. कॅमेऱ्याच्या मागच्या तीन इंची स्क्रीनवर सगळंच धारदार दिसतं, तिच्यावर विश्वास ठेवणं ही दुसरी चूक. आज वहिनीच्या अल्बममध्ये जो फोटो आहे, तो शेजारच्या चौथीतल्या मुलीनं आईच्या फोनवर काढलेला आहे.

तेव्हापासून कॅमेरा पिशवीत जाताना मी तो घरच्या सेटिंगवर आणते: ॲपर्चर प्रायॉरिटी (लेन्सचं तोंड मी ठरवते, शटर कॅमेरा), आयएसओ ऑटो, एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (फोटो उजळ-गडद करायचं अधिक-उणे) शून्य, व्हाइट बॅलन्स (रंगाचा पिवळेपणा-निळेपणा सांभाळणारी सोय) ऑटो, लेन्सवरचं बटण ऑटोफोकसवर. रात्री झोपताना गॅसचा नॉब बघतो ना, तसं. बाहेर काढताना बघू म्हणाल तर जमत नाही, कारण बाहेर काढतो तेव्हा कुणीतरी ओरडत असतं, "लवकर ये!" आणि कार्यक्रमात पहिला फोटो काढला की तो स्क्रीनवर मोठा करून डोळ्याची पापणी बघते. पापण्या मोजता आल्या पाहिजेत.

काळं झबलं, पांढरी बाराबंदी

कॅमेऱ्याला काळं-पांढरं कळत नाही. समोर जे असेल ते सरासरी राखाडी निघावं एवढाच त्याचा हिशेब. चौकट काळ्या झबल्यानं भरली की त्याला वाटतं अंधार आहे. तो उजेड वाढवतो आणि पोराचा चेहरा आणि हलव्याचे दागिने पांढरेफटक करून टाकतो. याच्या उलट नंदीध्वजांच्या मिरवणुकीत होतं. हजारो माणसं पांढऱ्या बाराबंदीत, त्यात दुपारचं ऊन. कॅमेरा घाबरून उजेड कमी करतो आणि बाराबंद्या धुवायला टाकल्यासारख्या मळकट येतात.

उपाय कॅमेऱ्यावरच्या अधिक-उण्याच्या बटणात आहे. काळं जास्त असेल तर उणे पाऊण, पांढरं जास्त असेल तर अधिक एक. फोनवर चेहऱ्यावर बोट ठेवून शेजारचं सूर्याचं चिन्ह वरखाली करा, तेच काम होतं. "नंतर एडिट करू" हे मला सांगू नका. थोडा काळवंडलेला चेहरा वर काढता येतो, पण एकदा पांढरा होऊन गेलेला भाग जेपेगमध्ये परत येत नाही. रॉ मध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलीत, येतो, तोही थोडाच.

"फोटो हलायलेत"

ही माझी दुसरी डोकेदुखी. दर वर्षी किमान सहा जण. फोटो बघायच्या आधी मी एकच गोष्ट बघते: मागचं कपाट धारदार आहे का? कपाट नीट आणि पोर पुसलेलं असेल तर पोर हललं. कपाटसुद्धा पुसलेलं असेल तर तुमचा हात हलला. लेन्समधलं कंपनरोधक यंत्र फक्त तुमचा हात सांभाळतं, पोराला नाही. हे दुकानात कुणी सांगत नाही.

आता हिशेब बघा. रात्री खोलीत एक ट्यूब. कॅमेऱ्याबरोबर येणारी १८-५५ ची लेन्स (हे आकडे मिलिमीटरचे; आकडा मोठा तर लांबचं जवळ दिसतं) ५५ वर नेली की तिचं तोंड एफ/५.६ पेक्षा जास्त उघडत नाही. तेवढ्या उजेडात आयएसओ ३२०० केलं तरी शटर १/३० च्या आसपास घुटमळतं. बसलेल्या आजीला ते चालतं. रांगणाऱ्या पोराला निदान १/१२५ लागतं, खेळणाऱ्याला १/२५०, गच्चीवर पळणाऱ्याला १/५००. मग जमणार कसं?

आयएसओ वाढवा. ६४०० ला घाबरू नका. कुठल्यातरी व्हिडिओत "आयएसओ १००च ठेवा" असं ऐकून आलेली पोरं माझ्यापुढं वाद घालतात. बाळांनो, त्यानं डोंगराचा फोटो काढला होता, ट्रायपॉडवर. डोंगर रांगत नाही. दाणेदार फोटोतलं हसू दिसतं, पुसलेल्या फोटोतलं दिसत नाही. कॅमेऱ्यात ऑटो आयएसओच्या आत किमान शटर ठरवून देता येतं. माझ्या कॅमेऱ्यात ते कायम १/२०० आहे.

पैसे घालायचेच असतील तर दुसरा कॅमेरा घेऊ नका. एफ/१.८ ची साधी लेन्स घ्या, झूम नसलेली. एफ/५.६ च्या तुलनेत ती जवळजवळ दहापट उजेड आत घेते. सगळे ५० ची घेतात, कारण ती स्वस्त मिळते. पण लहान सेन्सरच्या (आतल्या उजेड टिपणाऱ्या पट्टीच्या) कॅमेऱ्यावर ५० म्हणजे ७५-८० सारखी होते, आणि आपल्या दहा बाय दहाच्या खोलीत मागं सरकता सरकता पाठ फ्रिजला लागते. मी ३५ वापरते. फक्त दोन भावंडं मागंपुढं बसली असतील तर एफ/१.८ वर एकाचंच तोंड स्पष्ट येतं, तिथं एफ/४ करावं लागतं.

नव्या एलईडी दिव्याखाली फोटोत आडवे काळे पट्टे येत असतील तर सायलेंट शटर बंद करा आणि वेग १/१०० वर आणा. आपली वीज ५० हर्ट्झची, दिवा सेकंदाला शंभरदा लुकलुकतो, वेगवान शटर तो लुकलुकाट पकडतं.

औक्षणाच्या वेळी फ्लॅश

नको. एवढंच लिहून थांबणार होते, पण कुणी ऐकत नाही. निरांजनाचा पिवळा उजेड आईच्या हनुवटीवर, पोराच्या डोळ्यांत पडलेला असतो, तोच तर फोटो. कॅमेऱ्यावरचा फ्लॅश उडाला की ज्योत मरते, नाक तेलकट दिसतं आणि मागच्या भिंतीवर काळीकुट्ट सावली उभी राहते. ट्यूब बंद करा, बाजूच्या खोलीतला दिवा चालू ठेवा, आयएसओ वाढवा. आणि व्हाइट बॅलन्स ऑटोवरून काढून ऊन या चिन्हावर ठेवा, नाहीतर कॅमेरा तो पिवळेपणा हुशारीनं धुऊन टाकतो.

वेगळा फ्लॅश असेल तर तो छताकडं वळवा. स्लॅब पांढरा असेल तर उजेड छान पसरतो. जुन्या माळवदाच्या घरात छत काळ्या लाकडाचं. तिथं तो गिळला जातो. आणि हिरव्या ऑइलपेंटच्या भिंतीकडं वळवलात तर सगळ्या बायका कावीळ झाल्यासारख्या दिसतील. आमच्या एका केळवणात दिसल्या होत्या.

दुपारी बाराला भुईकोटात

मे महिन्यात पाहुणे येतात आणि बरोबर दुपारी किल्ला बघायला निघतात. सोलापूर साडेसतरा अंश अक्षांशाच्या जरा वर आहे, त्यामुळं मेच्या दुसऱ्या आठवड्यात मध्यान्हीला सूर्य अगदी डोक्यावर येतो, स्वतःची सावलीही पायाखाली जाते. त्या उन्हात डोळ्यांच्या जागी दोन काळे खड्डे येतात आणि नाकाखाली मिशी उगवते, बायकांनासुद्धा. माणसांना दरवाजाच्या कमानीखाली घ्या, तोंड बाहेरच्या उजेडाकडं करून. घरी असाल तर उंबऱ्याच्या दोन फूट आत. माझे चांगले म्हणावेत असे निम्मे फोटो आमच्या उंबऱ्यातले आहेत. आणि कॅमेरा गाडीत ठेवून जेवायला जाऊ नका. बाहेर बेचाळीस असेल तर बंद गाडीत किती, ते स्टिअरिंगला हात लावून बघा.

किरकोळ, पण रोजच्या

पदरानं लेन्स पुसणे. गड्ड्यातली धूळ म्हणजे बारीक वाळूच. आधी ब्लोअरनं उडवा, मग मऊ कापड. फोनच्या लेन्सला मात्र पदर चालतो, आणि तो लावाच, कारण धुकं पडल्यासारखे येणारे निम्मे फोटो हे बोटाच्या तेलाचे असतात.

गड्ड्याच्या धुळीत लेन्स बदलणे. नकोच.

फोन तोंडाजवळ नेऊन फोटो काढणे. फोनची मुख्य लेन्स रुंद असते, बाळाचं नाक बटाट्याएवढं होतं. दोन पावलं मागं या आणि दोन पटीचं बटण दाबा.

उभ्यानं पोरांचे फोटो काढणे. सगळी पोरं वरून टाळू दाखवतात. खाली बसा. गुडघे दुखत असतील तर स्टुलावर बसा, पण बसा.

"इकडं बघ, हस"

माझी चुलत सासू उखळात शेंगाचटणी कुटते. मिक्सरला हात लावत नाही, कारण मिक्सरमध्ये भुगा होतो, उखळात तेल सुटतं. गेल्या दिवाळीत एक भाचा नवा कॅमेरा घेऊन आला आणि दारातूनच ओरडला, "काकू, इकडं बघा! स्माईल!" काकूंनी मुसळ खाली ठेवलं, पदर सारखा केला, ताठ बसल्या आणि आधार कार्डावरच्या फोटोसारखं तोंड केलं. त्यानं पंधरा फोटो काढले, पंधराही तसेच.

मी काय करते? कॅमेरा मांडीवर ठेवून लसूण सोलायला घेते. दहा-पंधरा मिनिटं माणसं कॅमेऱ्याकडं बघतात, मग विसरतात. काकू तर मलाच म्हणतात, "फोटो काढलालीस का नुसतं बसलीस?" तोवर तिखट टाकायची वेळ येते, त्या नाक बाजूला करून डोळे बारीक करतात, आणि तेव्हा मी उचलते. नवशिक्यांना ही पंधरा मिनिटं जड जातात. त्यांना पंधरा मिनिटांत रील टाकायची असते.

फोटो काढून झाल्यावर

कार्ड रिकामं करायच्या आधी फोटो दोन ठिकाणी उतरवा: कॉम्प्युटरवर आणि बाहेरच्या डिस्कवर. डिस्क मी भावाच्या घरी ठेवते, महिन्यातून एकदा आणते. चुकून फॉरमॅट झालंच तर त्या कार्डावर एकही नवा फोटो काढू नका. काढला नाही तर जुने बहुतेक वेळा सॉफ्टवेअरनं परत मिळतात.

व्हॉट्सॲपवर आलेला फोटो फ्रेमसाठी देऊ नका. ॲप तो दाबून लहान करतं. ४ बाय ६ इंचांच्या प्रिंटला २० लाख पिक्सेल पुरतात, पण भिंतीवरच्या १२ बाय १८ ला जवळजवळ दोन कोटी लागतात. मूळ फोटो डॉक्युमेंट म्हणून मागवा.

आणि शेवटचं, प्रिंट काढताना. फोनच्या फोटोची चौकट ४:३, प्रिंटच्या कागदाची ३:२. आडव्या फोटोत वरचं-खालचं कापलं जातं, म्हणून डोक्यावर जागा सोडूनच फोटो काढा. आमच्या काकांच्या साठीला मी ती सोडली नव्हती, आणि दुकानातून आलेल्या चाळीस प्रिंटांत त्यांचा फेटा अर्धा गेलेला होता. आता कॅमेरा दिसला की ते आधी विचारतात, "फेटा येतोय ना पूर्ण?" फेटा नसला तरी विचारतात.